आधी तुमच्या नोकरीचं बोला, मग घराचं

फ्रिमाँटच्या मैत्रिणीला,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मोठं आहे आणि मनापासून लिहिलेलं आहे. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं मुख्य तेवढं सांगते. तुम्ही अकरा वर्षं कॅलिफोर्नियात आहात. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचं भाडं महिन्याला ३,८०० डॉलर. मिस्टरांचा पगार वर्षाला १,७२,००० डॉलर, आणि तुम्ही एच-४ ईएडीवर (एच-४ म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, ईएडी म्हणजे त्यावरची कामाची परवानगी) घरून काम करून ७०,००० मिळवता. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच. सासूबाई साताऱ्याहून एक वर्षाआड सहा महिने येऊन राहतात. आता मिस्टरांना इंडियाना राज्यातल्या कोलंबसमध्ये १,२८,००० ची नोकरी मिळते आहे. तिथे तीन बेडरूमचं घर १,८०० भाड्याने मिळतंय आणि विकत घ्यायचं तर तीन-सव्वातीन लाखांत. तुम्ही विचारलंय, जावं का? लोक म्हणतात एकदा बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोभोवतालचा तुमचा भाग, सोडला की परत येता येत नाही. आणि अगदी शेवटी लिहिलंय, "मला तिथे एकटं पडायची भीती वाटते, पण हे बोललं की मीच अडवतेय असं होतं."

उत्तराची सुरुवात मी या शेवटच्या ओळीपासून करते. तुम्ही अडवत नाही आहात. तुमच्या घरात जो हिशेब झालाय त्यात एक मोठी रक्कम कुणी धरलेलीच नाही, आणि ती भीती तिथूनच येते आहे. चला, कागद घेऊन बसू.

मिस्टरांचा पगार ४४,००० ने कमी होतो. त्यातला बराच भाग आत्ताही करातच जातो. कॅलिफोर्नियाचा राज्याचा कर तुमच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर ९.३ टक्के आहे, इंडियानाचा सरसकट तीन टक्क्यांच्या आसपास, आणि वर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, थोडा. सगळं धरलं तर हातात येणारी रक्कम वर्षाला साधारण बावीस-तेवीस हजारांनी घटेल. भाड्यात वाचतील चोवीस हजार. म्हणजे शिल्लक जवळजवळ काहीच नाही. त्यातून दुसरी गाडी लागणार, हिवाळ्यात गॅसचं बिल येणार. भारताचं तिकीट, फोन, गाडी, तूरडाळ यातलं काही गाव स्वस्त म्हणून स्वस्त होत नाही. उलट इंडियानापोलिसहून भारताला थेट विमान नाही, तेव्हा शिकागो किंवा नेवार्कला नाहीतर युरोप-आखातात उतरून पुढे जायचं.

आता या कागदावर तुमचे ७०,००० मांडा. ते जसेच्या तसे राहिले तर तुमचं जाणं शहाणपणाचं आहे, कारण मग घर घेता येतं, आणि ते कसं याकडे मी पुढे येते. पण तुमची कंपनी म्हणाली की कॅलिफोर्नियाबाहेरून काम चालणार नाही, किंवा स्वस्त भागात राहायला जाताय म्हणून पगार कापला, तर हा बेत पहिल्याच वर्षी आतबट्ट्याचा होतो. तुमच्या घरात चर्चा चाललीय मिस्टरांच्या ऑफरची आणि बेत उभा आहे तुमच्या नोकरीवर. त्यांच्या ऑफरवर सही होण्याआधी तुमच्या नोकरीचं पक्कं व्हायला हवं. मला तुम्हाला जे सांगायचंय त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच.

हे मी इतक्या ठासून का सांगते, त्याला कारण आहे. आम्ही २००६ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून आयोवातल्या सीडर रॅपिड्सला गेलो. एडिसनला माझी स्वतःची एच-१बी होती, म्हणजे नोकरीचा व्हिसा, नोकरी होती, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर चालत जाता येत होतं. नवऱ्याला आयोवात चांगली संधी आली, घरं निम्म्याहून कमी किमतीत होती, आणि मी "माझं काय, मिळेल काहीतरी" म्हणून राजीनामा दिला आणि एच-४ वर गेले. तेव्हा एच-४ वर काम करायची परवानगीच नव्हती, ती २०१५ मध्ये आली. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी घरी बसले. घर मोठं होतं, मागे अंगण होतं, आणि मी मंगळवार आहे की गुरुवार हे नवऱ्याला विचारायची. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला होता, पण त्या कागदावर माझ्या नावापुढे काही लिहिलंच नव्हतं.

तर या आठवड्यात काय करायचं ते सांगते. मॅनेजरशी बोला, पण तोंडी "हो हो, काही हरकत नाही" यावर थांबू नका. एचआरकडून लेखी घ्या. तुम्ही इंडियानात राहून काम करणार म्हणजे कंपनीला तिथे पगाराची आणि कराची नोंदणी लागते. ती त्यांच्याकडे आधीच असेल तर सोपं आहे, नसेल तर टाळाटाळ होते. पगार राहत्या भागावरून ठरतो का, ठरत असेल तर तुमचा किती होईल, आणि ऑफिसला या असा फतवा निघाला तर तुम्हाला तो लागू होईल का, हे तिन्ही थेट विचारा. तुमच्या ईएडीला मात्र जागेचं बंधन नाही, त्यावर कुठेही राहून काम करता येतं.

पण तुमचं ईएडी टेकलंय मिस्टरांच्या आय-१४० वर, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने त्यांच्या नावाने केलेल्या अर्जावर. पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही म्हणून विचारते, सध्याच्या कंपनीकडून आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झालेत का? झाले असतील तर कंपनीने नंतर ते मागे घेतलं तरी केवळ त्या कारणाने ते रद्द होत नाही. तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, टिकते, एच-१बी वाढवून मिळते आणि तुमचं ईएडीही चालू राहतं. झाले नसतील तर ऑफर कितीही गोड असो, १८१ वा दिवस उजाडेपर्यंत राजीनामा देऊ नका. नव्या कंपनीला ग्रीन कार्डासाठी पर्म, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल आणि त्यात दीड-दोन वर्षं सहज जातात. ते रुजू झाल्यावर लगेच सुरू करणार की वर्षभराने, हे ऑफर लेटरमध्ये यायला हवं. हे सगळं तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा. कंपनीचा वकील कंपनीचा असतो.

एच-१बीवरच्या माणसाला लहान गावात आणखी एक धोका असतो. नोकरी गेली तर हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस. फ्रिमाँटमध्ये त्या ६० दिवसांत अर्ध्या तासाच्या अंतरावर पन्नास कंपन्या असतात. कोलंबस हे इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं गाव. १९१९ मध्ये कंपनी तिथे निघाली आणि आजही तिचं मुख्यालय तिथेच आहे. पुण्याचं आणि या गावाचं नातं जुनं, कमिन्सचं पुण्यातलं बस्तान १९६२ पासूनचं. त्यामुळे कोलंबसमध्ये भारतीय कुटुंबं आहेत, मराठी कानावर पडतं, आणि गावाला आपली माणसं नवी नाहीत. पण गावातल्या चांगल्या नोकऱ्या इंजिन आणि वाहन उद्योगाभोवती आहेत. मंदी आली की सगळ्यांना एकदम झळ बसते आणि घरंही एकदम विकायला निघतात. म्हणून मिस्टरांना म्हणावं, गाडीने तासाभराच्या टप्प्यात आणखी कोण आहे त्याची यादी आत्ताच करा. ग्रीन्सबर्गला होंडाचा कारखाना आहे. इंडियानापोलिसला एलाय लिली, रोल्स-रॉइस, अॅलिसन ट्रान्समिशन आहेत. ही यादी आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत, एवढं असेल तर रात्री झोप लागते.

वाटाघाटीचं पटकन सांगून टाकते. सामान हलवण्याचा खर्च कंपनी देते तेव्हा ती रक्कम उत्पन्नात धरून तिच्यावर कर लागतो, म्हणून कराची भरपाई धरून मागा. वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडली तर पैसे परत करायची अट असते, ती वाचा. मिस्टरांचे सध्याच्या कंपनीचे व्हेस्ट व्हायचे, म्हणजे अजून हातात न आलेले, शेअर असतील तर पुढची तारीख बघून मगच राजीनामा द्या. आणि इंडियानाचा काउंटी कर १ जानेवारीला तुम्ही कुठे राहत होता यावर ठरतो, तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायची घाई करू नका.

आता एकटेपणाचं. तुम्ही लिहिलंय की गाडी येते, पण हायवेवर भीती वाटते म्हणून मिस्टर चालवतात. हे मला पगारकपातीपेक्षा जास्त खटकलं. फ्रिमाँटला बार्टची लोकल आहे, मैत्रिणी आहेत, चालत जाण्यासारखी दुकानं आहेत, तिथे हे खपून जातं. कोलंबसहून इंडियानापोलिसचं देऊळ, मोठी इंडियन दुकानं, तज्ज्ञ डॉक्टर, विमानतळ या सगळ्यासाठी पंचेचाळीस मैल आय-६५ हायवेवरून जायचं, दोन्ही बाजूंनी मोठमोठे ट्रक. ते तुम्हाला एकटीने जमलं नाही तर तुमचा प्रत्येक शनिवार दुसऱ्याच्या सवडीवर राहील. तेव्हा निघायच्या आधी, कॅलिफोर्नियातच, पैसे देऊन शिकवणारा माणूस लावा आणि हायवेचे दहा-बारा तास करा. नवऱ्याकडून शिकू नका. मी शिकले होते आणि दोन महिने आम्ही एकमेकांशी धड बोलत नव्हतो. पुढे मला आयोवा सिटीला नोकरी लागली तेव्हा आय-३८० वरून रोज सत्तावीस मैल जायचे, बर्फातसुद्धा. पहिल्या हिवाळ्यात स्टिअरिंग धरून धरून हाताला घट्टे पडले. पण त्या रस्त्याने मला माझं आयुष्य परत दिलं, असं मी आजही मानते.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, "आई कुठेही ॲडजस्ट होतात." माझ्या सासूबाईही कुठेही ॲडजस्ट व्हायच्या. त्या आमच्याकडे पहिल्यांदा आल्या नोव्हेंबरात. आम्ही घर घेतलं होतं गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत, फुटपाथ नाहीत, दुकान नाही, सगळी गॅरेजची दारं बंद. त्या दिवसभर पुढच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या. संध्याकाळी मी विचारलं, आज काय केलंत, तर म्हणाल्या, "आज अकरा गाड्या गेल्या." दुसऱ्या दिवशी, "आज नऊच." त्यांनी तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं, पण मला तो आकडा अजून ऐकू येतो.

पुढच्या खेपेला त्या एप्रिलमध्ये आल्या. ऑगस्टमध्ये शेजारच्या आजींनी दारात एक बशी आणून ठेवली, वर फॉइल आणि खाली झुकिनीचा ब्रेड. ऑगस्टात मिडवेस्टात प्रत्येकाच्या परसात झुकिनीचा नुसता पूर येतो आणि लोक ब्रेड करकरून वाटतात. मी बशी धुऊन परत द्यायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला. रिकामी बशी परत करतात का कुठे? त्यांनी त्यात शंकरपाळे घातले. चार दिवसांनी बशी मफिन घेऊन आली. मग चकल्या गेल्या. एक शब्द इंग्रजी न येणारी बाई आणि एक शब्द मराठी न येणारी बाई, दोघी संध्याकाळी आजींच्या पुढच्या पायरीवर बसायला लागल्या. तीच निळ्या काठाची बशी पुढे किती वर्षं ये-जा करत होती. १० ऑगस्ट २०२० ला दुपारी साडेबाराच्या सुमारास सीडर रॅपिड्सवर डेरेचो आलं, म्हणजे सरळ रेषेत घुसणारं वादळ, पाऊण-एक तासात शहरातली निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली, आठवडाभर वीज नव्हती. तेव्हा आमच्या दारासमोरचा ओक कापायला त्या आजींचा नातू न बोलावता करवत घेऊन आला. सासूबाई तेव्हा इथे नव्हत्या, करोनाचे दिवस होते. मी फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, आजी बऱ्या आहेत ना?

म्हणून तुमच्यासाठी दोन गोष्टी. सासूबाईंना एप्रिलमध्ये बोलवा आणि ऑक्टोबरात परत पाठवा, म्हणजे गणपतीही त्यांच्या हातून होतील. आणि घर बघताना बेडरूम मोजण्याआधी फुटपाथ बघा. सत्तर वर्षांची बाई कुणाला न सांगता चालत बाहेर पडून दहा मिनिटांत कुठेतरी पोहोचू शकते का, हा प्रश्न घेऊन घर बघा. कोलंबसमध्ये हे जमण्यासारखं आहे. गावाच्या मध्यभागी आय. एम. पेई यांनी बांधलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, १९६९ चं, समोर हेन्री मूरचं मोठं कमानीसारखं शिल्प. पलीकडे एलिएल सारिनेनचं चर्च, १९४२ चं. पन्नास हजार वस्तीच्या गावात जगातल्या नामवंत वास्तुविशारदांच्या इमारती कशा, तर कमिन्सच्या जे. अर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात कंपनीच्या प्रतिष्ठानातर्फे गावाला सांगितलं की चांगला वास्तुविशारद नेमा, त्याची फी आम्ही भरतो. त्यातून शाळा झाल्या, अग्निशमन केंद्रं झाली. बाहेर बर्फ असताना पाच वर्षांच्या मुलाला घेऊन वाचनालयात दोन तास उबेत बसता येतं, ही सोय लहान समजू नका.

मुलीची काळजी तुम्ही "वर्गात एकटीच भारतीय असेल का" अशी लिहिली आहे. कोलंबसमध्ये तसं होऊ नये. पण सहावीत मधूनच नवीन शाळेत जाणं कुठेही अवघडच, आणि ते अवघड जाईल हे तिला आधीच सांगा. तिथे मुलं शाळेनंतर काय करतात ते बघा. बँड, पोहणं, आणि विशेष म्हणजे फोर-एच नावाचं मुलांचं मंडळ. इंडियानात प्रत्येक काउंटीत ते आहे. मुलं वर्षभर एखादा प्रकल्प करतात, कुणी ससे पाळतं, कुणी शिवणकाम करतं, कुणी रॉकेट बनवतं, आणि उन्हाळ्यात काउंटीच्या जत्रेत मांडतं. आमच्या मुलाने तीन वर्षं कोंबड्या पाळल्या. त्याची माणसं त्याला त्या कोंबड्यांमुळे मिळाली. तुम्ही विचारलं नाहीत तरी त्वचेच्या रंगाचंही सांगते. इतक्या वर्षांत मन दुखावणारे दोन प्रसंग माझ्या लक्षात आहेत, दोन्ही अनोळखी माणसांकडून. एडिसनमध्येही एक घडला होता. तुमच्या वाट्याला कधीच येणार नाही असं मी म्हणणार नाही. पुढचा विचार म्हणून एवढंही लक्षात ठेवा की पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ पासून ट्यूशन फी वाढवलेली नाही आणि इंडियानाच्या रहिवाशांना ती वर्षाला दहा हजारांच्या आत पडते. तुमच्या मुलीला सहा-सात वर्षं आहेत. तोवर ग्रीन कार्डाचं काय होतं आणि रहिवासी म्हणून कधी धरतात, हे त्या वकिलाच्या यादीत घाला.

आता घर. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जागा घराने घेतलीय आणि मी इतक्या उशिरा येतेय, ते मुद्दामच. आकडे खरोखर मोहात पाडणारे आहेत. फ्रिमाँटमध्ये पंधरा लाखांचं घर, वीस टक्के म्हणजे तीन लाख आधी भरायचे, साडेसहा टक्के व्याजाने उरलेल्याचा महिन्याचा हप्ता साडेसात हजारांच्या वर. कोलंबसमध्ये त्या तीन लाखांत जवळजवळ अख्खं घर. सव्वातीन लाखांचं घर वीस टक्के भरून घेतलं तर हप्ता १,६५० च्या घरात. राहत्या घराच्या मालमत्ता कराला इंडियानात सर्वसाधारणपणे किमतीच्या एक टक्क्याची मर्यादा आहे, फक्त होमस्टेडचा, म्हणजे हे आपलं राहतं घर असल्याचा, अर्ज आपण होऊन करावा लागतो. तुमच्याकडे नव्वद हजार साठलेत म्हणता. म्हणजे तुम्ही उद्या घर घेऊ शकता.

घेऊ नका. एक वर्ष भाड्याने राहा.

आम्ही चौथ्या महिन्यात घर घेतलं. भाड्याचे पैसे फुकट जातात असं सगळे म्हणत होते. मग कळलं की माझ्या नोकरीच्या शक्यता आयोवा सिटीकडे आणि घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. २००८ च्या जूनमध्ये सीडर नदीचा मोठा पूर आला. आमचं घर नदीपासून लांब, पण वीज गेली, तळघरातलं पाणी उपसणारा संप पंप बंद पडला आणि तळघरात गुडघाभर पाणी. पुस्तकांची खोकी खालीच होती, त्यात माझ्या आईने पाठवलेले पंधरा वर्षांचे दिवाळी अंक. नेहमीच्या घरविम्यात पुराचं पाणी धरत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. त्याच महिन्यात कोलंबसलाही पूर आला होता आणि हॉस्पिटल रिकामं करावं लागलं होतं. गावाचे सखल भाग कोणते, कोणत्या शाळेची हद्द कुठपर्यंत, कोणत्या रस्त्यावरचा बर्फ आधी काढतात, हे तिथे एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. वर्षभराचं भाडं म्हणजे एकवीस-बावीस हजार डॉलर. चुकीच्या जागी घेतलेलं घर दोन वर्षांनी विकायला काढलं तर एजंटच्या आणि बाकीच्या खर्चात तेवढेच जातात, शिवाय मनस्ताप वेगळा.

परत येता येत नाही म्हणतात, त्यात तथ्य आहे. ज्यांची फ्रिमाँटमध्ये स्वतःची घरं आहेत, जुना कमी मालमत्ता कर आहे, २०२१ चं तीन टक्क्यांच्या आतलं कर्ज आहे, त्यांनी सोडलं तर तसं पुन्हा मिळत नाही. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तुम्ही भाडेकरू आहात. परत यायचं झालं तर वाढलेलं भाडं देऊन याल, एवढाच फरक. आणि तुमच्या मैत्रिणींपैकी ज्या सगळ्यात जोरात "जाऊ नका" म्हणतात त्यांना तुमची सवय झालीय हो, त्यांना वाईट वाटतंय. त्यांच्यावर रागावू नका.

एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. कॅलिफोर्नियात सकाळी आठ म्हणजे भारतात रात्रीचे साडेआठ-साडेनऊ, आईवडील जेवून पेंगुळलेले. कोलंबसला सकाळी आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच-साडेसहा. मुलांना शाळेत सोडून येऊन चहा घेत फोन लावाल तेव्हा तिकडे दिवे लागायची वेळ असेल आणि त्यांनाही बोलायला उत्साह असेल.

तर माझं म्हणणं असं. तुमच्या कंपनीचं लेखी उत्तर आलं, आय-१४० चे दिवस भरले असले आणि हायवेला हात बसला, तर जा. यातलं पहिलं जमलं नाही तर मिस्टरांनी ऑफरमध्ये आणखी पगार मागावा किंवा ही संधी सोडावी, आणि तेव्हा त्याचं खापर तुम्ही स्वतःवर घेऊ नका. आणि सही करण्याआधी एकदा तिथे जाऊन या. कंपनी तुम्हाला ऑक्टोबरात बोलावेल, झाडं लाल-पिवळी झालेली असताना. तुम्ही फेब्रुवारीत जा, मधल्या वारी, चार दिवस. मिस्टर कंपनीत भेटीगाठी करत असतील तेव्हा तुम्ही गाडी घ्या, एकट्या इंडियानापोलिसला जाऊन भाजी घेऊन या. दुपारी दोन वाजता गावात कोण दिसतं ते बघा. सासूबाई तेव्हा इथे असतील तर त्यांनाही न्या, भरपूर कपडे घालून.

जाऊन आलात की कळवा. त्या काय म्हणाल्या तेही लिहा.